अप्पांची रीतसर हरकत

लग्नात अक्षता वाटायला सुरुवात झाली की मांडवातली माणसं हात पुढे करतात. आमचे विश्वंभरअप्पा हात वर करतात.

"पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा हाय. आता दीड वाजायलाय. माझी हरकत हाय, तेवढी नोंद घ्या," असं ते मुलीच्या बापाला सांगतात. बाप सापडला नाही तर भटजींना, आणि भटजी मंगलाष्टकात गुंतलेले असले तर बँडवाल्याला. समोरचा नुसता 'बरं' म्हणाला तरी नोंद झाली असं ते धरतात. मग इतरांहून दुप्पट जोरानं अक्षता टाकतात, पंगतीत बसून जिलबी मागून घेतात आणि नवरानवरीला भरल्या गळ्यानं आशीर्वाद देऊन घरी जातात. मानवतमध्ये हल्ली लग्नातली कामं वाटून देताना पाण्याला कोण, वाढायला कोण याच्याबरोबर अप्पांना 'बरं' म्हणायला कोण, हेही ठरवून ठेवतात.

अप्पा भांडखोर आहेत असा समज होण्याआधीच सांगतो, तसं काही नाही. ते आवाज चढवत नाहीत, कुणाशी अबोला धरत नाहीत. गावात त्यांचं पट्टे, बेअरिंग, नटबोल्ट आणि ग्रीसचं दुकान आहे आणि आसपासच्या सगळ्या कापसाच्या जिनिंगवाल्यांचा माल तिथूनच जातो. गिऱ्हाईक चुकीच्या मापाचं बेअरिंग मागत असेल तर अप्पा आधी हरकत नोंदवतात आणि मग ते चुकीचं बेअरिंग व्यवस्थित बांधून देतात. मी एकदा त्यांना म्हणालो, अप्पा, तुमचा सगळ्या जगाला विरोध का? त्यांना ते लागलं.

"विरोध माणसाला आसतो, वकीलसाहेब. हरकत गोष्टीला आसती. माणसावर कोण हरकत घ्यायलंय?"

मी मानवतच्या कोर्टात वकिली करतो आणि अप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. या दोन गोष्टी एकत्र येणं हे माझं नशीब. त्यांच्या लेखी हरकती मीच टाइप करून देतो. फी त्यांनी कधी दिली नाही, पण दर महिन्याला ग्रीसचा डबा घेऊन येतात आणि आमच्या बिजागऱ्यांना बोट फिरवून जातात. माझ्या घरातलं एकही दार कुरकुरत नाही. चोर आला तर मला कळणार नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

सकाळी वर्तमानपत्र आलं की लोक पहिलं पान बघतात, म्हातारी माणसं निधनवार्ता बघतात. अप्पा जाहीर नोटिसांचं पान काढतात. 'सदर मिळकतीबाबत कोणाचीही हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी' हे वाक्य वाचलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज येतं. ज्या मिळकतीशी, ज्या गावाशी, ज्या माणसांशी त्यांचा काडीचा संबंध नाही त्यांनाही ते हरकत पाठवतात.

"अहो, पण तुमचा काय संबंध?" मी विचारतो.

"संबंध न्हाई. पर त्यानी पैसे भरून पेपरात इचारलंय. इतकं कळकळीनं कुणी इचारलं आन आपण गप बसलो, तर बरं दिसतंय का?"

जिंतूर तालुक्यातल्या बोरीत कुणीतरी प्लॉट घेत होता. अप्पांची हरकत पोचल्यावर तो बिचारा घाबरून, मोटारसायकलवर पेढ्यांचा पुडा बांधून थेट मानवतला आला. तुमचा हिस्सा आहे का? नाही. वहिवाट आहे का? नाही. मग हरकत कसली? "तशी कसलीच न्हाई. तुमी इचारलं म्हणून सांगितलं," असं म्हणून अप्पांनी त्याला जेवू घातलं, हरकत मागे घेतली आणि जाताना मोटारसायकलच्या चेनला ग्रीस लावून दिलं. त्या घराच्या वास्तुशांतीला अप्पांना मानानं बोलावणं आलं. ते गेले, आणि होमाच्या धुराची दिशा त्यांना मान्य नव्हती.

या सगळ्यात एक बारकी गोष्ट आहे आणि ती कळायला मला बरीच वर्षं लागली. अप्पांना आपली हरकत कुणी मान्य करावी असं वाटत नाही. ती ऐकावी आणि फेटाळावी, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर घरात हे काम त्या करायच्या. अप्पा ताटावर बसून म्हणायचे, भाजीत मीठ जास्त आहे, माझी हरकत आहे. काकू पळी हातात घेऊन म्हणायच्या, "आसंल. खावा." अप्पा खायचे. काकू गेल्या, आणि सूनबाई फार गुणी निघाली. अप्पांनी मिठाची हरकत घेतली की दुसऱ्या दिवशी मीठ कमी. तिखटाची घेतली की तिखट कमी. एक दिवस मी गेलो तेव्हा अप्पा त्यांना हव्या तशा झालेल्या भाजीपुढे बसले होते आणि घास घशाखाली उतरत नव्हता. सुनेला बिचारीला कळेना आपलं काय चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

काकूंनंतर अप्पांची हरकत फेटाळणारा एकच माणूस गावात उरला. गंगाधरराव.

गंगाधरराव मूळचे वालूरचे. सेलूच्या शाळेत, बोर्डिंगात अप्पांच्या शेजारी त्यांची वळकटी असायची. पुढे त्यांनी मानवतला जिनिंग टाकली, तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, तरी अप्पांसाठी ते 'गंग्या'च राहिले. रोज संध्याकाळी अप्पा दुकान बंद करून जिनिंगवर जायचे. वजनकाट्याच्या खोलीबाहेर दोन लोखंडी खुर्च्या. अप्पा दिवसभराच्या हरकती एकेक करून काढायचे, नगरपालिकेची, एसटीच्या वेळेची, पावसाची. गंगाधरराव प्रत्येकीचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, क्षणभर विचार केल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "फेटाळली." मग दोघं चहा प्यायचे. मी दोनचारदा तिथं बसलो आहे. आमच्या कोर्टात इतकी शांतपणे सुनावणी होत नाही.

हंगामाच्या मुहूर्ताला तर जिनिंगवर एक खास रीत होती, ती दुसरीकडे कुठंच बघायला मिळायची नाही. पहिली कापसाची गाडी आली की काट्याची पूजा व्हायची, शेतकऱ्याला टॉवेल-टोपी, गाडीला हार. पण नारळ फोडायच्या आधी गंगाधरराव आवारात मधोमध उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "हंगाम सुरू करायलोत. कुणाची हरकत?" हमाल, फिटर, अडते, सगळे अप्पांकडं बघायचे. अप्पा पुढं होऊन काहीतरी हरकत घ्यायचे, काटा उत्तरेला तोंड करून नाही, नारळ लहान आहे, असली. गंगाधरराव ती फेटाळायचे आणि नारळ फुटायचा. सुरुवात थट्टेनं झाली होती. पण एका वर्षी अप्पा तापानं घरी होते, तेव्हा गंगाधररावांनी कापसाच्या गाड्या रांगेत थांबवून माणूस पाठवला आणि हरकत मागवून घेतली. तिथून पुढं ती रीत झाली.

आणि मग एका सकाळी, त्या लाडक्या पानावर, अप्पांनी गंगाधररावांच्या कंपनीचं नाव वाचलं.

ते माझ्याकडं आले ते वर्तमानपत्र घडी न करता. चपला घालायचे विसरले होते.

"हे काय हाय?"

मी वाचलं. कंपनीनं स्वतःच मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज दिला होता की आम्हाला देणी फेडता येत नाहीत, आमच्यावर नादारीची कार्यवाही सुरू करावी. धनकोंपैकी, म्हणजे घेणेकऱ्यांपैकी, कुणाची हरकत असेल तर त्यांनी हजर राहून मांडावी. आपल्याकडं बाजारात पूर्वी अशा वेळी 'पार्टी बसली' म्हणायचे. सगळे देणेकरी-घेणेकरी गादीवर जमायचे, रुपयाला इतके आणे यावर तोड निघायची आणि उठताना पान खायचे. आता कायदा आहे. अर्ज दाखल करून घेतला की कंपनी मालकाच्या हातून जाते, न्यायाधिकरणानं नेमलेला माणूस ती चालवतो, आणि सगळे दावे, लिलाव, वसुल्या जिथल्या तिथं थांबतात. हे मी अप्पांना सावकाश समजावून सांगितलं.

"म्हणजे गंग्या तिथं बसणार न्हाई?"

"खुर्चीवर नाही."

"मंग हरकत लिहा," अप्पा म्हणाले. "बरोबर लिहा. आजवर लिहिल्या तशी न्हाई."

आजवर मी त्यांच्या शेकड्यानं हरकती लिहिल्या. त्यात कायद्यानं जिला उभं राहायला जागा होती अशी ही पहिलीच. अप्पांचा माल जिनिंगला जात होता, पैसे यायचे होते, म्हणजे ते धनको होते. पण हरकतीला कारण लागतं, आणि इथं घोडं अडलं.

"अप्पा, अशा अर्जाला विरोध करायचे रस्ते दोनच. एक, देणं थकलेलंच नाही असं दाखवायचं."

"थकलंच न्हाई."

"तुमचंच थकलंय की."

"मी मागितलं का?"

"नाही."

"मी मागितलंच न्हाई, तर थकलं कसं?"

मी वकिलीत आयुष्य घालवलं आहे. या युक्तिवादावर मी अजून विचार करतो आहे. तो चुकीचा आहे हे नक्की, पण नेमका कुठं, ते सापडत नाही. तरी मी तो लिहून घेतला. पण बँकेचं कर्ज थकलं होतं, आणि बँकेनं मागितलंही होतं.

"दुसरा रस्ता?" अप्पांनी विचारलं.

"दुसरा म्हणजे, अर्ज खोट्या हेतूनं केलाय असं म्हणायचं. धनकोंना फसवायला, वसुली अडवायला गंगाधररावांनी हा डाव रचलाय, असं प्रतिज्ञापत्रावर लिहायचं."

अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं आता हे मला काहीतरी फेकून मारतात.

"गंग्या लबाड हाय असं मी लिहू?"

"नाहीतर हरकत टिकत नाही."

"न टिकू द्या. तसलं लिहायचं न्हाई."

शेवटी आम्ही जे लिहिलं ते असं होतं: हे अर्जदार प्रामाणिक गृहस्थ असून त्यांची कंपनी चालू शकते, सबब आमची हरकत आहे. असलं प्रतिज्ञापत्र मी जन्मात केलं नव्हतं. घेणेकरी शपथेवर सांगतोय की माझे पैसे बुडालेले नाहीत, आणि देणेकरी शपथेवर सांगतोय की बुडालेत. नोटरीनं शिक्का मारताना दोनदा माझ्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून अप्पा जिनिंगवर गेले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करून ते ओट्यावर बसायचे आणि रस्त्यावरच्या कशालाही हरकत घ्यायचे नाहीत. गल्लीत लोक हळू आवाजात बोलायला लागले, घरात कुणी आजारी असल्यावर बोलतात तसे.

तारखेला आम्ही मुंबईला निघालो. तुमची हरकत मीच वाचून दाखवतो, तुम्ही नाही आलात तरी चालेल, असं मी म्हणालो होतो. अप्पांनी ते ऐकलंच नाही. मानवत रोडला गाडीत चढलो तर आमच्याच डब्यात, चार बाकांपलीकडं, गंगाधरराव. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेंगदाणेवाला उभा होता.

परतूर गेल्यावर अप्पांनी दशम्यांचं फडकं सोडलं. निम्म्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एका कागदावर काढली आणि माझ्याकडं दिली.

"त्याला द्या. साखर हाय त्याला, उपाशी राहिला तर चक्कर यायली म्हणंल. आन सांगा, आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून देयलोत."

मी चार बाकं ओलांडून गेलो आणि दशम्या निरोपासकट दिल्या. गंगाधररावांनी कागद मांडीवर घेऊन उलगडला.

"मिळाल्या म्हणा. मजकूर मान्य न्हाई," ते म्हणाले, आणि खायला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते. चटणी तिखट होती, पण इतकी नव्हती.

मी विचारलं, "गंगाधरराव, तुम्ही त्यांना आधी सांगायचं होतं."

"काय सांगणार? त्याच्यासमोर उभा राहून म्हणू का, की विश्या, मी बुडालो? बाकी साऱ्या दुनियेला सांगता येतंय." मग दशमीचा तुकडा मोडत म्हणाले, "त्यानं हरकत घेतली असती, आन मला फेटाळता आली नसती."

हे मी अप्पांना सांगितलं नाही. वकिलानं दुसऱ्या पक्षकाराशी झालेलं बोलणं सांगू नये असं काही मी मनाशी धरलं, पण खरं म्हणजे माझ्याच तोंडून ते निघालं नसतं.

न्यायाधिकरणात आमचा पुकारा झाला. गंगाधररावांच्या वकिलांनी थोडक्यात सांगितलं: लागोपाठ दोन हंगाम बसले, देणी भागत नाहीत. मग बँकेचे वकील उठले. बँकेला जिनिंगची जागा लिलावात काढायची होती आणि या अर्जानं तो लिलाव थांबणार होता, म्हणून तिचीही हरकत होती. वकील तरुण होते, इंग्रजी फर्डं होतं. ही कंपनी बुडालेली नाही, बुडाल्याचं सोंग करते आहे, असं ते म्हणाले. लिलाव टाळायला रचलेला हा निव्वळ कावा आहे. आणि हे बँकच म्हणते असं नाही, अर्जदाराला आयुष्यभर ओळखणारे, त्याच्याच गावचे धनको आज हीच हरकत घेऊन इथं आले आहेत. असं म्हणून त्यांनी अप्पांकडं हात केला.

सगळे वळून बघायला लागले तसं अप्पांनी मला विचारलं, "काय म्हणायलेत?"

मी मराठीत सांगितलं.

"कावा म्हणले?"

"हो."

"गंग्याला?"

मी मान हलवली. पुढचं मी थांबवू शकलो असतो की नाही, ते मला माहीत नाही. अप्पांचा हात वर गेला होता.

दोन सदस्यांपैकी एक मराठी होते. "बोला, काय म्हणायचंय?"

"साहेब, या वकीलसाहेबांच्या हरकतीवर माझी हरकत हाय."

मी डोळे मिटून घेतले.

"अहो, पण तुमचं आणि बँकेचं मागणं एकच आहे. अर्ज दाखल होऊ नये, असंच ना?"

"मागणं एकच हाय साहेब. पर हे मानसावर हरकत घ्यायलेत. गंगाधर लबाड न्हाई. मागच्या हंगामात कापूस घातला त्या समद्या शेतकऱ्यांचे पैसे यानं चुकते केले, आन मंग हात रिकामे झाले. बँकेचे राहिले, माझे राहिले, सोताच्या घरावरबी बोजा चढला. कावा करणारा मानूस आधी सोताचं घर बघतो. मी त्याच्या शेजारी झोपून मोठा झालो. त्याला कावा जमत न्हाई. पत्त्यात सुद्धा जमत न्हाई."

कुणी हसलं नाही. सदस्यांनी कागद चाळले.

"म्हणजे अर्जात खोटं काही नाही, असं तुमचं म्हणणं?"

"न्हाई. खोटं न्हाई."

"देणी फेडण्याइतके पैसे कंपनीकडं आहेत?"

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "आसतील असं मला वाटायलं होतं. त्यानं शपथेवर न्हाई म्हणलंय, तर नसतील."

"मग तुमची हरकत नेमकी कशाला?"

अप्पांनी गंगाधररावांकडं पाहिलं. पेपर घेऊन अनवाणी माझ्या दारात आले त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"यानं मला इचारलं न्हाई," ते म्हणाले. "सुरू करताना दर वर्षी इचारायचा. बंद करताना इचारलं न्हाई."

सदस्य समजुतीनं म्हणाले, "कायद्यात तसं विचारायची अट नाही."

"नसंल," अप्पा म्हणाले आणि खाली बसले.

हुकूम त्याच दिवशी झाला. अर्जामागं खोटा हेतू असल्याचं काहीही पुढं आलेलं नाही, उलट हरकत घ्यायला आलेल्या धनकोनंच अर्जदाराच्या सचोटीची ग्वाही दिली आहे. बँकेची हरकत फेटाळली. सदर धनकोची हरकतही फेटाळली. अर्ज दाखल. थोडक्यात, अप्पा बोलले नसते तर बँकेचा मुद्दा कदाचित चालला असता, अर्ज बारगळला असता, आणि गंगाधरराव कपाळावर लबाडीचा शिक्का घेऊन मानवतला परत आले असते. अप्पांनी तो शिक्का पुसला आणि त्याबरोबर गंगाधररावांची खुर्ची राखायला घेतलेली आपली हरकतही घालवली. हे त्यांना कळलं होतं. बाहेर व्हरांड्यात ते भिंतीला टेकून उभे होते.

गंगाधरराव जवळ आले. तेही शेजारी भिंतीला टेकले.

"फेटाळली तुझी," गंगाधरराव म्हणाले.

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले.

परतीच्या गाडीत ते एकाच बाकावर बसले. काय बोलले मला ठाऊक नाही, मी मुद्दाम वरच्या बर्थवर जाऊन पडलो.

पुढचं सगळं रीतसर झालं. न्यायाधिकरणानं नेमलेल्या बाई आल्या, किल्ल्या ताब्यात घेतल्या, यंत्रांची पाहणी केली. गंगाधररावांचं घरही कर्जाला तारण होतं. त्यांची मुलगी पुण्याहून आली आणि बापाला घेऊन गेली. जाताना ते अप्पांकडं येऊन गेले. अप्पा म्हणे नुसते दुकानातल्या बेअरिंगांच्या खोक्यांकडं बघत होते, एकही हरकत घेतली नाही.

मग एक दिवस अप्पा माझ्याकडं आले, की मला दावा लावायचाय. धनकोंनी आपापले दावे बाईंकडं द्यायचे होते. मला आश्चर्यच वाटलं.

"अप्पा, आधी बँक, मग बाकीचे. तुमच्या हाताला फारसं काही लागणार नाही. कशाला हेलपाटा?"

"न लावला तर त्याला वाटंल, याच्या लेखी आपण संपलो. येणं सोडून दिलं म्हणजे मानूस सोडून दिल्यावाणी होतंय, वकीलसाहेब." मग दुसरीकडं बघत, "आन ते धनकोंच्या बैठका आसतेत म्हणले. त्याला त्यो येतो का?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. कंपनीच्या संचालकांना त्या बैठकांना हजर राहता येतं, मत देता येत नाही. अप्पांसारख्या माल पुरवणाऱ्यांना मिळून एक प्रतिनिधी पाठवता येतो, त्यालाही मत नसतं, नुसतं बसायचं. मी हे सांगितलं तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, की तो प्रतिनिधी कसं व्हायचं. काही अवघड गेलं नाही. मत नाही, भत्ता नाही, चहासुद्धा नाही, असलं पद घ्यायला बाजारात दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिली बैठक संगणकावर होती. अप्पा इस्त्रीचा सदरा, स्वच्छ टोपी घालून माझ्या ऑफिसात वेळेआधी येऊन बसले. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. बाई, बँकेचे दोघे साहेब, कुणी हिशेबनीस. मग एका चौकोनात गंगाधरराव आले. मागं मुलीच्या घरातला फ्रिज होता, त्यावर नातवंडांची चित्रं चिकटवलेली. अंगावर कुणाचा तरी मोठा होणारा स्वेटर.

बैठक इंग्रजीत चालली. अप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळवून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ ओढली की टोपी काचेला लागेल असं मला वाटलं.

"मी दिसायलो का त्याला?"

"दिसताय."

"बोललं तर ऐकू जातंय?"

"आपला आवाज बंद ठेवलाय. सुरू करू?"

"नको. मधी बोलणं बरं दिसत न्हाई." मग अगदी हळू, "लय वाळला हो त्यो."

बँकेच्या साहेबांचं वाचन संपलं. बाईंनी सगळ्यांचे आभार मानले. चौकोन एकेक करून विझले. शेवटी पडद्यावर दोनच राहिले, त्यातला एक आमचा. मला कोर्टात तारीख होती, पक्षकार बाहेर येऊन थांबला होता. मी बंद करायला हात पुढं केला तर अप्पांनी माझं मनगट धरलं.

"थांबा की थोडं," ते म्हणाले. "त्यो बसलाय अजून."